ग्रीनव्हिलहून खुशाली, आणि मेयोनीजचा खुलासा

ग्रीनव्हिल, साउथ कॅरोलायना
२७ जुलै २०२५

ती. आजी, बाबा आणि आई यांस,
सा. न. वि. वि.

मी इथे खुशाल आहे. पत्रात पहिलं वाक्य तेच लिहितात म्हणून लिहीत नाही, खरंच खुशाल आहे. फोन होतातच, पण आजीला फोनवर धड ऐकू येत नाही आणि व्हिडिओत तिला माझ्या चेहऱ्याऐवजी गळ्याची हाडंच दिसतात. म्हणून हे पत्र. वहिनी, तू मोठ्याने वाचून दाखव. कंपनी, डबा, गाडी, शनिवारचा किराणा, हे सगळं तुम्हाला पाठ आहे, ते गाळते.

आई, कात्रण मिळालं. दादानेही तेच पाठवलं, आत्यानेही. कच्च्या अंड्याच्या मेयोनीजवर बंदी, ही बातमी खरी आहे. केरळने जानेवारी २०२३ मध्ये घातली, तेलंगणाने ऑक्टोबर २०२४ मध्ये वर्षभरासाठी, आणि यंदा एप्रिलमध्ये तमिळनाडूनेही. पण बंदी कशावर आहे ते नीट वाच. कच्चं अंडं फोडून जागेवर घुसळलेला मेयो, तो शोरम्याच्या गाडीवर तासन् तास उघडा राहणार, त्यात उकाडा. अंड्यातून साल्मोनेला नावाचा जंतू येतो, त्याला वाढायला याहून बरी जागा कुठली? इथे दुकानात बरणीत मिळतो त्यातलं अंडं पाश्चराइज केलेलं, म्हणजे न शिजवता बेतानं तापवून जंतू मारलेलं असतं, वर व्हिनेगर आणि मीठ. त्यात जंतू टिकत नाहीत. आणि मी काही मेयोवर जगत नाही. तू फोटोत पाहिलीस ती बरणी अर्धी रिकामी होती कारण ती बरेच दिवस चाललीये, रोज चमचा घालते म्हणून नव्हे. राहिला प्रश्न दादाच्या छोटीच्या सँडविचचा. पोवई नाक्यावरच्या सँडविचमध्ये जे पांढरं भरतात त्यात बहुतेक वेळा अंडं नसतंच, आपल्याकडे बिनअंड्याचंच जास्त खपतं. त्यामुळे वहिनीला उगाच बोलू नकोस.

आता ती बरणी माझ्याकडे आलीच कशी, हे सांगायलाच हवं. इथे जुलै-ऑगस्टमध्ये टोमॅटोचं सँडविच खातात. ऐकायला साधं वाटतं ना? मलाही वाटलं होतं. पण त्याचे नियम आहेत. ब्रेड पांढराच हवा, अगदी मऊ, टाळूला चिकटणारा. ब्राऊन ब्रेड, टोस्ट, काही चालत नाही. टोमॅटो बागेतला किंवा रस्त्याकडेच्या शेतकऱ्याकडचा. फ्रिजमध्ये ठेवलेला चालत नाही, दुकानातला तर नाहीच. त्याच्या बोटभर जाड चकत्या. ब्रेडच्या दोन्ही तुकड्यांना कडेपर्यंत मेयो, कारण कोपरा कोरडा राहिला तर तिथून रस ब्रेडमध्ये मुरतो. वर मीठ, मिरपूड. बस. काकडी नाही, चीज नाही, चटणी नाही. मी हिरवी चटणी लावू का म्हणून विचारलं, तर घरमालकीणबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की मी चटणीची वाटी मुकाट्याने परत फ्रिजमध्ये ठेवली. आणि ते खायचं कुठे? टेबलावर नाही. सिंकपुढे उभं राहून, वाकून, कोपरापर्यंत ओघळ येऊ देत. आपण मोरीवर बसून रायवळ चोखतो, अगदी तसं. सत्तरी ओलांडलेल्या, चर्चला इस्त्रीचे कपडे घालून जाणाऱ्या बाई सिंकपुढे उभ्या राहून हे खातात आणि मधे बोललेलं त्यांना चालत नाही.

आणि मेयो ड्यूक्सचाच, पिवळ्या झाकणाचा. यात तडजोड नाही. यामागे गोष्ट आहे, ती आजीसाठी. आजी, तू पापड लाटून घर चालवलंस ना, तशी इथे यूजीनिया ड्यूक नावाची एक बाई होती. १९१७ मध्ये, पहिल्या महायुद्धाच्या वेळी, या गावाजवळ कँप सेव्हिअर नावाची सैनिकांची छावणी पडली. ती तिथल्या पोरांना सँडविच विकू लागली. सँडविच खपलं ते आतल्या मेयोमुळे, म्हणून पुढे तिने मेयोच बरणीत भरून विकायला काढला. या देशात बायकांना सरसकट मतदानाचा हक्क मिळाला १९२० मध्ये, म्हणजे हिचा धंदा मतदानाच्या आधीचा! १९२९ मध्ये तिने तो रिचमंडच्या सॉअर कंपनीला विकला. त्यात साखर नाही, आणि इथल्या लोकांना याचा केवढा अभिमान! उत्तरेकडचे हेलमन्स खातात, त्यात किंचित साखर असते. तोच हेलमन्स रॉकी पर्वताच्या पलीकडे बेस्ट फूड्स या नावाने विकतात. मिरॅकल व्हिप नावाचं तिसरं एक गोडसर प्रकरण आहे, पण त्याला कायद्याने मेयोनीज म्हणताच येत नाही. इथला नियम असा की वजनाच्या किमान ६५ टक्के तेल असेल तरच ‘मेयोनीज’ लिहायचं. (६५ टक्के तेल हा आकडा वाचून आईचा चेहरा कसा झाला असेल ते मला इथून दिसतंय. चमचाभर लावतो गं, वाटीभर नाही.)

घरी करतात का, असं वहिनीने विचारलं होतं. करतात, पण कमी. आमच्या बाईंनी मला करून दाखवला. आई, मुद्दाम माझ्यासाठी कवचासकट पाश्चराइज केलेली अंडी आणली होती, इथे तशी मिळतात, तेव्हा तेवढं कच्चं अंडं माफ. वाडग्याखाली ओलं फडकं, म्हणजे वाडगा फिरत नाही. त्यात एक पिवळं बलक, थोडी मोहरीची पूड, मीठ, लिंबाचा रस. मग एका हाताने फेटत दुसऱ्या हाताने तेल, आणि तेही सुरुवातीला थेंब थेंब. शब्दशः थेंब. पहिली पाच मिनिटं काहीच होत नाही, नुसतं पिवळं पाणी. मग एकदम ते घट्ट होतं, फेटण्याचा आवाजच बदलतो, आणि त्यानंतर धार धरली तरी चालते. बलकातलं लेसिथिन तेलाचे बारीक थेंब धरून ठेवतं, म्हणून तेल आणि लिंबाचं पाणी एकत्र नांदतं. घाई केली की फुटतं. फुटलं तर टाकायचं नाही; स्वच्छ वाडग्यात नवं बलक घ्यायचं आणि फुटलेलं त्यात चमचा चमचा घालत पुन्हा फेटायचं, जमून येतं. चव? बरणीतल्यापेक्षा निश्चित चांगली. लिंबाचा वास वर राहतो, तेलाचा नाही. पण फ्रिजमध्ये तीन-चार दिवसच टिकतो. आणि गंमत म्हणजे एवढं सगळं करून बाईंनी स्वतःच्या टोमॅटो सँडविचला पिवळ्या झाकणाचाच लावला. म्हणाल्या, घरचा पाहुण्यांसाठी. माझ्यापुरतं म्हणाल तर मीही बरणीच उघडणार. रात्री आठला घरी आल्यावर थेंब थेंब तेल कोण ओतत बसेल! उरलेल्या मेयोत मी आपला कांदा-लसूण मसाला कालवला, तो मात्र बाईंनी चाटून संपवला आणि त्याचं नाव विचारलं. म्हणता येत नाही त्यांना. ‘कॅन्डा लासून’ म्हणतात.

त्यावरून आठवलं. आई, तू मागच्या रविवारी विचारलंस, ‘तुझ्या बोलण्याला हसतात का गं तिथली?’ मी ‘छे’ म्हणून विषय बदलला, कारण गाडी चालवत होते. आता नीट सांगते. हसत नाहीत, त्यांना एकमेकांना हसण्यातून सवड नाही. आमच्या टीममध्ये एक मिशिगनचा आहे, तो मेयोला ‘मॅनेझ’ म्हणतो, दोन तुकड्यांत आटोपतो. बाई ‘मेऽ-अ-नेझ’ म्हणतात, सावकाश, तीन तुकडे. हा फरक साऱ्या देशभर आहे. जोशुआ कॅट्झ नावाच्या विद्यार्थ्याने २०१३ मध्ये शेजारच्या नॉर्थ कॅरोलायनात असताना अशा शब्दांचे रंगीत नकाशे केले होते, ते खूप गाजले. त्यात पश्चिम आणि मधला भाग ‘मॅनेझ’वाला, दक्षिण आणि पूर्व किनारा ‘मे-अ-नेझ’वाला. कॅरमेलचंही तसंच, तिकडे ‘कार्मल’, इकडे ‘कॅर-अ-मेल’. बदाम-साखरेच्या वडीसारखी ‘प्रेलीन’ असते, तिला न्यू ऑर्लीन्सची माणसं ‘प्रालीन’ म्हणतात आणि दुसरं काही म्हटलं की दुरुस्त करतात. पेकन नावाचा अक्रोडासारखा दाणा आहे, त्यावर तर घरात भांडणं. बाई ‘पीऽकॅन’ म्हणतात, त्यांची सून टेक्ससची, ती ‘पिकाऽन’. सुनेचं म्हणणं, ‘पी-कॅन’ म्हणजे लांबच्या प्रवासात ट्रकवाले सीटखाली ठेवतात तो शूचा डबा. (वहिनी, हे आजीसमोर वाचलंस का? वाचलंच असशील.) सासू-सुनेचं हे दर थँक्सगिव्हिंगच्या सणाला चालतं म्हणे, ‘पेकन पाय’ नावाचा गोड पदार्थ मात्र दोघी मिळून करतात.

मी ‘मेयोनीज’ म्हणते. ते चूक आहे, यावर मिशिगन आणि कॅरोलायना दोघांचं एकमत. ‘व्हेजिटेबल’चे मी चार तुकडे करते, ते तीन. एकदा दुकानात माझं मागणं समजलं नाही, मी बोट दाखवलं, विषय संपला. मीटिंगमध्ये कधीकधी पुन्हा सांगावं लागतं, तर पुन्हा सांगते. त्यात काय एवढं.

तू का विचारलंस ते कळतं मला. अकोल्याहून साताऱ्याला आलीस, जेवताना ‘पोयी’ वाढू का म्हणालीस आणि अख्खी पंगत हसली, ही गोष्ट आपल्याकडे दर लग्नात कोणीतरी सांगतंच. मीही कॉलेजात मैत्रिणींना सांगितली आहे, तुझा आवाज काढून. तेव्हापासून तू पोळीही म्हणत नाहीस, थेट चपाती. पण मामाचा फोन आला की तुझी केळी ‘केयी’ होतात, डाळीची ‘डाय’ होते, आणि तू स्वयंपाकघराचं दार लोटून घेतेस. आता आम्ही कोणी हसत नाही, दार उघडं ठेवलंस तरी चालेल. आजी, हे तुला लागेल असं बोलले नाही. तूच तर नंतर तिच्याकडून वऱ्हाडी ठेचा शिकलीस.

बरं, आता कामाचं.

शिक्षणाचं कर्ज मार्चमध्ये फिटलं हे बाबांना माहीत आहे. त्यानंतर पाठवते ते पैसे स्लॅबसाठी आहेत. बाबा, पावसाळ्यात मागच्या खोलीत बादली ठेवता हे दादाने सांगितलं. दिवाळीनंतर कंत्राटदाराला बोलवा, आणि गुडघ्याचंही त्याच वेळी डॉक्टरांना दाखवून घ्या. ‘बघू’ म्हणू नका. मला इथे काही कमी पडत नाही, सोफा नाही कारण मला सोफा आवडत नाही.

आत्याने पाठवलेलं न्यू जर्सीचं स्थळ. बोलले मी त्याच्याशी. माणूस बरा आहे, हसतमुख आहे, आईवडिलांबद्दल चांगलं बोलतो. पण मी नोकरी सोडून तिकडे यावं असं त्याने अगदी सहज म्हटलं, जणू ते ठरलेलंच आहे. माझा व्हिसा नोकरीला बांधलेला आहे, हे त्यालाही ठाऊक आहे. मी नाही म्हटलेलं नाही, हो पण म्हटलेलं नाही. आई, आत्याला तूच सांग, मी सांगितलं की ती रडते. आणि ‘अमेरिकेत कोणी पाहिलंय का’ हा प्रश्न बाबांनी दादामार्फत विचारू नये. पाहिलं असतं तर कळवलं असतं.

सहस्रचंद्रदर्शनाचं मात्र जमत नाहीये. कंपनीच्या वकिलाचं म्हणणं, यंदा देशाबाहेर पडू नकोस. परत येण्यासाठी पासपोर्टवर व्हिसाचा शिक्का लागतो, त्या स्टॅम्पिंगची तारीख लांबली तर तिथेच अडकशील. आजी, मी विचारून पाहिलं, दोनदा विचारलं. तुझ्यासाठी पैठणीचे पैसे वहिनीकडे वेगळे पाठवलेत, रंग तू निवड. जांभळी घे म्हणून सगळे मागे लागतील, तुला हिरवी हवी असेल तर हिरवीच घे. तुला ओवाळताना फोन लावा, माझी रात्र असली तरी मी जागी असेन. उन्हाळ्यात नक्की येते. मागच्या वर्षीही म्हटलं होतं, पण यंदा रजा आधीच मागून ठेवली आहे.

दादा-वहिनीला नमस्कार, छोटीला गोड पापा.

तुमची,
राणी

ता. क. बाबा, स्लॅबचे पैसे माझ्या नावाने एफडीत टाकू नका. मागच्या खेपेस टाकलेत ते बँकेच्या मेसेजवरून मला कळलंय.