मनू चौदाची होण्याआधी

हॅम्बुर्ग,
आगमनकाळाचा पहिला आठवडा

प्रिय आई आणि पप्पा,

सप्रेम सलाम.

आई, परवा फोनवर तू विचारलंस, मनूचं दृढीकरण, म्हणजे लहानपणी दिलेला विश्वास तिने स्वतः कबूल करायचा विधी, कधी आणि तिकडचा कायदा म्हणे पोरांना चौदाव्या वर्षी धर्म सोडायची मोकळीक देतो, ते खरं का? मनू शेजारीच अभ्यास करत बसली होती, म्हणून मी छोट्याच्या खोकल्यावर विषय नेला. आज रात्रपाळी नाही, दोघंही झोपलीत, तेव्हा सगळं नीट लिहिते. पप्पांनाही वाचून दाखव.

कायद्याचं तू ऐकलंस ते खरं आहे. तो आजकालचा नाही, १९२१ सालचा आहे. मूल बारा वर्षांचं झालं की आईबापांना त्याच्या मनाविरुद्ध त्याचा धर्म बदलता येत नाही. चौदा पूर्ण झाली की कुठल्या धर्मात राहायचं, राहायचं की नाही, हे ते स्वतः ठरवतं. मनू मार्चमध्ये चौदाची होईल आणि दृढीकरणाचा विधी मे महिन्यात आहे. म्हणजे तिथे उभी राहील तेव्हा ती स्वतःच्या मनाने उभी राहील. नाही म्हणाली, तर आम्ही तिला ओढून नेणार नाही. ह्यांचं आणि माझं यावर एकमत आहे.

तू घाबरली असशील, पण आई, आपल्या घरात हा विश्वास आला कसा ते आठव ना. पणजोबांनी ठरवलं म्हणून आला. गावाने पाणी तोडलं, भावाने तोंड फिरवलं, तरी त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तूच तर ही गोष्ट आम्हाला शंभरदा सांगितलीस. आणि रेव्हरंड टिळकांचे अभंग तुला तोंडपाठ आहेत, त्यांच्या घरचं तुला माहीतच आहे. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला, लक्ष्मीबाईंनी १९०० साली. मधली पाच वर्षं त्या बाईने काय काय सोसलं, पण शेवटी आल्या त्या स्वतःचं मन वळल्यावर. नवरा आला म्हणून आल्या नाहीत. ज्या ख्रिस्ती मंडळीची सुरुवातच अशा माणसांनी केली, तिच्या नातींना आपण ठरवू द्यायला का भ्यावं?

आमचं काम तिला ठरवून देण्याचं नाही, पण ती ठरवेल तोवर घर भरलेलं असलं पाहिजे. बायबलातल्या 'अनुवाद' या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात आहे तसं, घरी बसताना, वाटेने चालताना, निजताना, उठताना मुलांशी बोलत राहायचं. नगरला याचा अर्थ मला कधी शोधावा लागला नाही. पहाटे पप्पांची प्रार्थना भिंतीपलीकडून ऐकू यायची, रविवारी संडे स्कूल, उपासनेला पेटी आणि तबला, नाताळात रात्रभर गाणी म्हणत फिरणारी पोरं, शेजारच्या तीन घरांत तरी आपलीच माणसं. सगळी गल्लीच आम्हाला वाढवत होती. इथे ती गल्ली नाही. आम्ही राहतो त्या इमारतीत रविवारी चर्चला जाणारं आमचं एकच कुटुंब आहे.

चर्च आहे, सुंदर आहे, दगडी, उंच. पण रविवारी पुढच्या बाकांवर पंधरा-वीस म्हातारी माणसं असतात आणि मागे आम्ही. देशात कॅथलिक आणि प्रोटेस्टंट मिळून आता निम्म्याहून कमी लोक उरलेत. इथे चर्चच्या सभासदाच्या पगारातून प्राप्तिकराच्या नऊ टक्के इतका चर्च-कर सरकारच कापून घेतं, आणि पुष्कळजण तो वाचवायला नाव काढतात. आम्ही नाव काढलेलं नाही. पाळकबाईंचं घर, अंगणवाडी, म्हाताऱ्यांची सेवा, सगळ्याला त्यातून हातभार लागतो. हो, आमच्या पाळक, म्हणजे चर्चच्या धर्मगुरू, बाई आहेत. तुला नवल वाटेल, पण जगातली पहिली लुथरन स्त्री बिशप इथेच, हॅम्बुर्गमध्ये, १९९२ साली निवडली गेली. मनूला हे फार आवडतं.

एक गोष्ट मात्र मला नगरपेक्षाही इथे जास्त भावते, ती म्हणजे रविवार. रविवारची विश्रांती इथे राज्यघटनेनेच राखली आहे. दुकानं बंद, भिंतीला ड्रिल लावलं तर शेजारी दार ठोठावतो. पहिल्या वर्षी मी कंटाळून जायची. आता ज्या रविवारी ड्यूटी नसते त्या दिवशी चर्चहून येऊन आम्ही चौघं एकत्र स्वयंपाक करतो. छोट्या कोथिंबीर निवडतो आणि निम्मी खातो. जेवताना ज्याला जे विचारायचं ते विचारायचं, असा नियम आहे. मनूचे प्रश्न अवघड असतात. देव सगळ्यांचा आहे तर आजोबांच्या गावच्या लोकांनी पाणी का तोडलं? मला उत्तर येत नाही तेव्हा मी तसं सांगते, आणि मग आम्ही दोघी मिळून शोधतो.

आता आगमनकाळाचं, नाताळाआधीच्या या चार रविवारांचं सांगते, कारण या दिवसांत घराला खरा रंग येतो. इथे घरोघरी हिरव्या फांद्यांचं कडं करतात, त्यावर चार मेणबत्त्या, दर रविवारी एकेक जास्त लावायची. मला वाटायचं ही चर्चची फार जुनी रीत असेल. तर ती निघाली याच शहरातली, आणि तीही एका अनाथाश्रमातली. योहान हिन्रिख विखर्न नावाचे एक तरुण धर्मशिक्षक होते. १८३३ साली त्यांनी हॅम्बुर्गच्या कडेला एका जुन्या घरात गरिबांची, रस्त्यावरची मुलं गोळा केली. त्या घराला राउहेस हाउस म्हणतात, आणि ती संस्था अजून चालू आहे. मला सगळ्यात पटलं ते हे, की त्यांनी मुलांना मोठ्या दालनात रांगेने झोपवलं नाही. दहा-बारा मुलांचं एकेक कुटुंब केलं, प्रत्येक कुटुंबाला वेगळं छोटं घर आणि सोबत राहणारा एक मोठा भाऊ. बेवारस मुलाला आधी घर हवं, मग धडे, हे त्यांना दोनशे वर्षांपूर्वी कळलं होतं.

तर ही मुलं रोज त्यांच्या मागे लागायची, नाताळ कधी? १८३९ साली विखर्ननी गाडीचं एक जुनं चाक घेतलं आणि त्यावर वीस लहान लाल आणि चार मोठ्या पांढऱ्या मेणबत्त्या बसवल्या. रोज संध्याकाळच्या प्रार्थनेला एक लाल, रविवारी पांढरी. मुलं मोजत बसली, आणि थांबायला शिकली. पुढे लोकांनी फक्त चार रविवारच्या मेणबत्त्या ठेवल्या.

आम्ही यंदा विखर्नसारखं पूर्ण चाकच केलं. ह्यांनी भंगारातून सायकलचं चाक आणलं, मनूने तारेने फांद्या बांधल्या, सगळ्या हाताला चीक लागला. संध्याकाळी दिवे घालवून छोट्या मेणबत्ती लावतो (काडी मी धरते), मग एक गाणं, एक उतारा, आणि प्रत्येकाची एकेक प्रार्थना. छोट्या रोज बसच्या ड्रायव्हरकाकांसाठी प्रार्थना करतो, का ते सांगत नाही. सगळं मिळून दहा मिनिटं. माझी संध्याकाळची पाळी असेल तर ह्यांच्यावर, आणि ह्यांना उशीर झाला तर मनू छोट्याला घेऊन बसते. एकदा मी दवाखान्यातून साडेदहाला आले तर स्वयंपाकघरात कागद ठेवलेला, 'आज आम्ही तुझ्यासाठी केली.' धर्मसुधारक मार्टिन लुथरनी १५२९ साली ख्रिस्ती विश्वास शिकवणारी लहान प्रश्नोत्तरी लिहिली ती पाळकांपुरती नव्हती, घरच्या कर्त्या माणसाने घरच्यांना सोप्या शब्दांत शिकवावं म्हणून होती. खेडोपाडी फिरताना त्यांना दिसलं होतं की लोकांना प्रभूची प्रार्थनासुद्धा येत नाही. पाळकबाईंनी पालकांच्या बैठकीत हे सांगितलं तेव्हा मला पप्पांची ती पहाटेची प्रार्थना आठवली.

पाठांतरावर माझं आणि इथल्या काही पालकांचं पटत नाही. ते म्हणतात, न समजता पाठ करून काय उपयोग? मी म्हणते, समज नंतर येते, शब्द आधी आत गेलेले बरे. आमच्या वॉर्डात एक आजी होत्या. मुलगा समोर बसला तरी ओळखायच्या नाहीत, नाव विचारलं तर रडायच्या. एका संध्याकाळी पाळक येऊन प्रभूची प्रार्थना म्हणू लागले आणि आजींनी दुसऱ्या ओळीपासून सगळी म्हटली, एक शब्द चुकला नाही. कुणीतरी लहानपणी त्यांच्याकडून म्हणवून घेतली असणार. त्या रात्री घरी येऊन मी मनूला आणि छोट्याला तेविसावं स्तोत्र मराठीत पाठ करायला लावलं. छोट्याला 'मेंढपाळ' नीट म्हणता येत नाही, चालेल.

शाळेत धर्माचा तास असतो, तोही इथे निराळा. हॅम्बुर्गमध्ये मुसलमान, अलेवी (तुर्कस्तानातला एक पंथ), ख्रिस्ती, कुठलाच धर्म न मानणारी, सगळी मुलं एकाच वर्गात बसतात. तुला काळजी वाटेल की पोर गोंधळेल. झालं उलट. मनूची मैत्रीण तुर्की आहे, रमजानचे रोजे धरते. मागच्या वर्षी मनू घरी येऊन म्हणाली, 'ती महिनाभर पहाटेपासून पाणीसुद्धा पीत नाही, आपण काय करतो?' मला तो प्रश्न लागला, आणि बरंच झालं. तेव्हापासून ईस्टरच्या आधीच्या आपल्या उपवासकाळात आम्ही बुधवार-शुक्रवारी साधं खातो. वाचलेले पैसे कुठे द्यायचे ते मुलं ठरवतात. मैत्रिणीच्या घरी इफ्तारला मनू जाते, आणि ती आमच्याकडे नाताळच्या करंज्या खायला येते. दुसऱ्याचा विश्वास जवळून बघितला की आपल्याकडे काय आहे ते मुलांना जास्त नीट दिसतं, असं मला वाटू लागलंय.

दृढीकरणाचा वर्ग आठवड्यातून एकदा असतो. त्याशिवाय ठरावीक उपासनांना जाऊन कार्डावर सही घ्यायची. काही मुलं विधीला भेट मिळणाऱ्या पैशांसाठी येतात हे सगळ्यांना माहीत आहे, पण पाळकबाई म्हणतात, येऊ देत, दार तर उघडलं. विधीच्या दिवशी प्रत्येक मुलाला आपण निवडलेलं शास्त्रवचन मिळतं. मनू ते शोधतेय असं मला वाटतं, कारण तू दिलेलं बायबल तिच्या टेबलावर असतं आणि त्यात तिकिटांचे तुकडे खुणेला घातलेले दिसतात. कुठल्या पानांवर ते मी उघडून बघत नाही.

आता तुला एक विनंती. फोनवर तिला 'दृढीकरण घेणार ना?' असं विचारू नकोस. पप्पांनाही सांग. ती तुम्हाला नाही म्हणू शकत नाही, आणि तुमच्यासाठी हो म्हटलेलं तिच्या काही कामाचं नाही. त्यापेक्षा पप्पांची नोकरी गेली होती त्या वर्षी तू काय प्रार्थना करायचीस ते तिला सांग. घरात ज्वारी संपली होती आणि तरी तू रविवारी आमचे कपडे इस्त्री करून आम्हाला चर्चला नेलंस, ते सांग. तुझा देवावर राग आला होता का, हेही ती विचारेल. खरं उत्तर दे.

आणि पप्पा, तुम्ही पेटीवर म्हणता त्या भजनांतली चार-पाच तरी मोबाइलवर रेकॉर्ड करून पाठवा. आवाज बसलाय म्हणून लाजू नका. 'उपासना संगीत' या गीतपुस्तकाची एक प्रत इथे आहे, पण त्यावरून चाल कळत नाही, आणि माझ्या चालीला मनू हसते.

करंज्यांच्या सारणात तू खसखस किती घालतेस? मागच्या वेळी सारण कोरडं झालं होतं. बीपीच्या गोळ्या दोघांनी वेळेवर घ्या. दादाला आणि वहिनीला सलाम, बाळाचा बाप्तिस्मा ठरला की तारीख लगेच कळवा. मंडळीतल्या सगळ्यांना आमचा सलाम सांगा.

तुमची,
बेबी