बंद घरांच्या गावात

प्रिय मित्रा,

तुझं पत्र परवा मिळालं. आधी एकट्याने वाचलं, मग रात्री हिला मोठ्याने वाचून दाखवलं. शहर सोडून खेड्यात येऊन राहायचं तू खरंच मनावर घेतलंस, याचा आम्हा दोघांनाही फार आनंद झाला. शेवटच्या चार ओळींनी मात्र माझी झोप उडवली. ‘भाडं भरत बसण्यापेक्षा फ्लॅट विकतो आणि एकदम जागाच घेऊन टाकतो,’ असं तू लिहिलंयस. वहिनींचाही तोच विचार असेल तर हे पत्र त्यांनाही वाचायला दे. माझं मागणं एकच आहे. आधी एक वर्ष भाड्याने राहा. सुट्टीतले चार चांगले महिने धरू नकोस, पूर्ण वर्ष राहा.

सोबतचं कात्रण वाचलं. इटलीच्या सिसिली बेटावरच्या सांबुका गावाने २०१९ साली एक युरोपासून बोली लावून घरं विकायला काढली आणि जगभरातून लोकांची रीघ लागली, हे खरं आहे. पण कात्रणाच्या खालच्या भागातल्या अटी तू वाचल्यास का? घर तीन वर्षांत दुरुस्त करायचं आणि तोवर अनामत रक्कम गावाकडे राहणार. छप्पर, भिंती, नळ, वीज हा सगळा भार घेणाऱ्यावर. मला जपानचं उदाहरण जास्त बोलकं वाटतं. २०२३ च्या पाहणीत तिथे सुमारे ९० लाख घरं रिकामी निघाली, एकूण घरांच्या जवळजवळ १४ टक्के. तिथल्या नगरपालिका अशा घरांच्या याद्या ठेवतात, त्यांना ‘आकिया बँक’ म्हणतात. तरीही कितीतरी मालक आपलं घर यादीत घालतच नाहीत. घर रिकामं असणं आणि ते मिळणं, यात केवढं अंतर असतं हे मला इथे येऊन कळलं.

आम्ही आलो त्या पहिल्या आठवड्यात संध्याकाळी फिरताना मी कुलूपबंद घरं मोजली होती. ११ भरली. म्हटलं, यातलं एक तरी मिळेलच. चौकशी केली तर एकही भाड्याने द्यायचं नव्हतं! एका घराला सहा वारस, चार गावी पांगलेले. पाच जण तयार, सहावा फोनच उचलत नाही. दुसऱ्या घराच्या मालकाला निवृत्तीनंतर परत यायचंय. बारा वर्षं तो हेच म्हणतोय, पण त्याचं म्हणणं मनापासून आहे, कारण दर वर्षी येऊन तो छप्पर नीट करून जातो. तिसऱ्याने पूर्वी भाडेकरू ठेवला होता. त्याने भाडं थकवलं, वर घर सोडेना. तेव्हापासून मालकाने कानाला खडा लावला. चौथ्याचं छत इतकं गेलंय की दुरुस्तीचा खर्च भाड्यातून कधी सुटायचाच नाही. उरलेली बहुतेक घरं सुट्टीत येणाऱ्या पाहुण्यांसाठी राखून ठेवलेली. रस्त्यावरून बघताना आपल्याला यातलं काहीच कळत नाही, दिसतं ते फक्त कुलूप.

आम्हाला पहिलं घर मिळालं ते या शेवटच्या प्रकारातलं. छान होतं, मोठ्या खिडक्या, मागे आंब्यासारखं डेरेदार झाड. आठ महिने सुखात गेले. मग पाहुण्यांचा हंगाम जवळ आला आणि मालकांनी पंधरा दिवसांत घर मोकळं करायला सांगितलं. आमचं महिन्याचं भाडं त्यांना हंगामात चार-पाच दिवसांत सुटणार होतं. त्यांच्या बाजूने हिशोब बरोबर असेल, पण आमचं बोलणं वर्षाचं झालं होतं आणि माझ्याजवळ दाखवायला कागदाचा चिटोरा नव्हता. पुस्तकांची खोकी पुन्हा बांधताना ही एक शब्द बोलली नाही, ते मला अजून आठवतं. त्यानंतरचे दोन महिने आम्ही एका ओळखीच्यांच्या धान्याच्या खोलीत काढले. म्हणून तुला बजावून सांगतो, माणूस कितीही गोड बोलणारा असो, करार लेखी कर. मुदत किती, घर सोडण्याआधी किती दिवसांची सूचना, अनामत केव्हा परत, गळकं छप्पर कोण दुरुस्त करणार, हंगामात घर रिकामं करायला लावणार की नाही, हे सगळं त्यात हवं. राहायला जाण्याआधी प्रत्येक खोलीचे फोटो काढून मालकांनाही पाठवून ठेव. खेड्यात मालक हा बहुधा शेजारीही असतो. उद्या वाद झाला तर तोंड चुकवायला दुसरा रस्ता नसतो. कागदावर सगळं स्पष्ट असलं की शेजारही टिकतो.

जाहिरातीच्या भरवशावर राहू नकोस. इतक्या लहान वस्तीत घर भाड्याने द्यायचंय हे मालक कुठे छापत नाही, कुणाच्या तरी कानावर घालतो. पोस्टमन, शाळेतले मास्तर, दवाखान्यातल्या नर्सबाई यांना विचार. आणि वायरमनला नक्की विचार, कुठल्या बंद घराचं वीजबिल अजून भरलं जातंय. ज्याचं मीटर कधीच कापून नेलंय, त्या घराच्या मागे लागण्यात अर्थ नसतो. पण माणूस राहत नसतानाही जो बिल भरत राहतो, त्याचा जीव त्या घरात असतो, आणि चांगला माणूस मिळाला तर तो दार उघडतो. आमचं आत्ताचं घर असंच मिळालं.

घर एका आजींचं. यजमान गेल्यावर त्या मुलीकडे राहायला गेल्या होत्या. मी तेव्हा शाळेतल्या काही मुलांना संध्याकाळी गणित शिकवत होतो, आणि त्यातल्या एकाची आई आजींच्या ओळखीची होती. निरोप गेला, आणि एका सकाळी आजी स्वतःच आल्या. किल्ली रुमालाच्या टोकाला गाठ मारून बांधलेली. कुलूप गंजून घट्ट झालं होतं. मी तेल सोडलं, आम्ही दोघं पायरीवर बसून राहिलो, दहा मिनिटांनी त्यांनीच एका हिसक्यात ते उघडलं. आत गेल्यावर त्यांनी दार पुन्हा लोटलं आणि म्हणाल्या, “हे बघ बाळा, आधी हे वाच.”

दाराच्या पाठीवर वरपासून खालपर्यंत पेन्सिलीने लिहिलेले आकडे होते. डावीकडे वर्ष, उजवीकडे एक संख्या. परसातल्या विहिरीला आतून दगडी पायऱ्या आहेत. वर्षातला सगळ्यांत कोरडा आठवडा आला की आजींचे यजमान त्यातल्या किती पायऱ्या उघड्या पडल्यात ते मोजायचे आणि दारावर लिहून ठेवायचे. चाळीसएक वर्षांची नोंद, एकाच हाताची. सुरुवातीचं अक्षर ठसठशीत, शेवटी शेवटी थरथरलेलं. एका वर्षापुढे आकडाच नव्हता, फक्त ‘तळ’ असं लिहिलेलं. आजींनी त्या शब्दावर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, “त्या वर्षी अर्ध्या कोसावरून पाणी आणलं. नंतर म्हणू नकोस की सांगितलं नाही.”

घर देणाऱ्याने इतक्या सरळपणे घराचा दोष दाखवलेला मी पहिल्यांदाच पाहिला. त्यांनी दोन अटी घातल्या. दाराला रंग द्यायचा नाही, आणि नोंद थांबवायची नाही. दोन्ही अटी करारात लिहून घेतल्या आहेत.

तुझ्या नशिबी असं दार येईलच असं नाही, म्हणून तुझी नोंद तूच तयार कर. घर बघायला जायचं ते गावाच्या सगळ्यांत वाईट महिन्यात. पाणी आटलेलं असताना जा, आणि पुन्हा एकदा मुसळधार पावसात किंवा जिथे बर्फ पडतो तिथे बर्फात जा. रस्ता किती दिवस बंद राहतो, वीज गेली तर केव्हा येते, रात्री कुणाला दवाखान्यात न्यायचं झालं तर किती वेळ लागतो, हे भर उन्हाच्या चांगल्या दिवशी कळत नाही. तुझ्या आईंचं वय लक्षात घेता हा शेवटचा प्रश्न पहिला विचार. विहीर किंवा बोअर असेल तर पाणी तपासून घे. जंतूंची तपासणी तर हवीच, आणि आसपास शेती असेल तर खतांतून पाण्यात उतरणाऱ्या नायट्रेटचीही. जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यात लिटरमागे ५० मिलिग्रॅमची मर्यादा घालून दिली आहे. त्याहून जास्त असेल तर तान्ह्या बाळांना धोका असतो, आणि पाणी उकळून नायट्रेट जात नाही. सेप्टिक टँक विहिरीच्या वरच्या अंगाला नाही ना, तेही बघ. साधारण तीन ते पाच वर्षांनी टँक उपसायचा असतो. शेवटचा कधी उपसला, असं विचारलं आणि घरात कुणालाच आठवेना, तर तो खर्च आता तुझ्या गळ्यात पडणार असं समज.

आता विकत घेण्याचं. वर्षभर राहून झाल्यावरही मन तयार असेल तर जरूर घे, मी पाठीशी आहे. सगळ्या वारसांच्या सह्या झाल्याशिवाय पैसे देऊ नकोस. ‘भाऊ परदेशात आहे, त्याचं काही म्हणणं नाही’ या वाक्यावर कुणीही पैसे मोजू नयेत. हद्दीची मोजणी शेजाऱ्यांना समोर उभं करून करून घे. शेतजमिनीवर घर बांधायला बहुतेक ठिकाणी वेगळी परवानगी लागते, ती मिळेल की नाही हे आधी बघ. आणि सगळ्यांत महत्त्वाचं, वाट. आमच्या माहितीतल्या एका कुटुंबाने टेकडीवर सुरेख जागा घेतली. जायचा रस्ता दुसऱ्याच्या शेतातून. शेतमालक भला माणूस, त्याने कधी अडवलं नाही, त्यामुळे कुणी कागद केला नाही. तो शेत विकून गेला. नव्या मालकाने कुंपण घातलं. आता ते लोक ओढ्याच्या कडेने वळसा घालून घरी जातात आणि गाडी लांब खाली ठेवतात. वाटेचा हक्क कागदावर नोंदलेला नसेल तर जागा कितीही आवडली तरी परत फिर. खेड्यातली जागा नको झाली म्हणून महिन्याभरात विकता येत नाही, गिऱ्हाईक यायला वर्षं जातात.

आणखी एक गोष्ट, जी मला मनापासून टोचते. आपण शहरातला पैसा घेऊन येतो. मालक मागेल ते भाडं आपल्याला स्वस्तच वाटतं, आपण हो म्हणतो, आणि गावात तोच दर होऊन बसतो. आमच्या पहिल्या घराच्या वेळी मीही तेच केलं. नंतर कळलं की त्याच घरासाठी शाळेतल्या एका तरुण शिक्षिका थांबल्या होत्या. त्या आता रोज दीड तास प्रवास करून येतात. इंग्लंडमध्ये कॉर्नवॉलच्या किनाऱ्यावर सेंट आइव्ह्ज नावाचं गाव आहे. तिथे बाहेरच्यांनी सुट्टीसाठी इतकी घरं घेतली की २०१६ साली गावाने मतदान घेऊन ठरवलं, नवी बांधलेली घरं तिथे कायम राहणाऱ्यांनाच मिळतील. पाचातल्या चाराहून जास्त मतं बाजूने पडली. पण नियम नव्या घरांपुरताच होता, जुनी घरं बाहेरच्यांना खुलीच राहिली. स्कॉटलंडमधल्या एग बेटाची गोष्ट मला जास्त धीर देते. तिथे सारी जमीन एका मालकाची, राहणाऱ्यांना कसलीच शाश्वती नाही. १९९७ साली ६०-६५ माणसांच्या त्या वस्तीने वर्गणी उभी करून, इतरांना सोबत घेऊन, अख्खं बेटच विश्वस्त संस्थेच्या नावावर विकत घेतलं. आज तिथली वस्ती वाढली आहे.

तू काही बेट विकत घेणार नाहीस. पण घर शोधताना एवढं विचार, की हे घर मी घेतलं नाही तर इथलं कोण राहील? जिथे उत्तर ‘कुणीच नाही’ असं येईल, अशी घरंही असतात. आजींचं तसंच होतं. आमच्या गल्लीच्या टोकाला आणखी एक आहे, छप्पर धड आहे आणि मीटर चालू आहे. मालकांशी मी अजून बोललो नाही, तू स्वतः येऊन बोललेलं बरं. वहिनींना आणि आईंना घेऊन ये. चार दिवसांत काही कळायचं नाही, पंधरा दिवस तरी राहा. आमच्याकडे एक खोली मोकळी आहे.

विहिरीत या वर्षीच्या पायऱ्या गेल्या रविवारी मोजल्या. १७ उघड्या आहेत, गेल्या वर्षी १४ होत्या. दारावर लिहिलं आणि आजींना फोन केला. त्या क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, “मग कपडे एक दिवसाआड धुवा.” तसंच चाललंय सध्या. तू याच महिन्यात येतोयस, हे मला बरंच वाटतंय.

वाट बघतो.

तुझाच