शंभराच्या लेन्सला बुरशी नाही, जोड सुटलाय

प्रति,
ग्राहक सेवा विभाग

विषय : १०० एक्स ऑब्जेक्टिव्ह बदलून देण्यास नकार दिल्याबाबत

महोदय,

सिंदेवाही तालुक्यात माझी छोटी लॅब आहे. जानेवारीत तुमचा मायक्रोस्कोप घेतला आणि नवतपा संपेपर्यंत शंभराची लेन्स, म्हणजे स्लाइडजवळची शंभर पट मोठे दाखवणारी ऑब्जेक्टिव्ह, धूसर झाली. आता रोवणी सुरू आहे, तापाच्या पेशंटची रांग आहे, आणि मलेरियाच्या स्लाइडवर जंतूची रिंग आहे की डाग, हे कळत नाही. शंका आली की स्लाइड घेऊन दुसऱ्या लॅबमध्ये पळतो.

तुम्ही लेन्स चार आठवडे ठेवून घेतली आणि ‘बुरशी लागली, वॉरंटीत बसत नाही’ असे कळवले. बुरशी मी पाहिली आहे. ती कोळ्याच्या जाळ्यासारखी तंतू सोडत पसरते. इथे आयपीस (डोळ्याकडची लेन्स) उलटा धरून लेन्सच्या मागून पाहिले, तर कडेकडून आत शिरलेला, पाण्यावर सांडलेल्या रॉकेलसारखा रंगीत पापुद्रा दिसतो. पुसून तो जात नाही, कारण तो आत आहे. दोन काचांमधला गोंद सुटून फट पडली आहे.

फोनवर तुमचे इंजिनिअर म्हणाले, झायलिन या द्रावकाने पुसले असेल. हो, पुसले! शंभराच्या लेन्सखाली स्लाइडवर टाकायचे तेल झायलिनने पुसा, असे तुमच्याच पुस्तिकेत छापले आहे.

आता एकच विचारतो. गोंद कोणता वापरला? पूर्वी कॅनडा बाल्सम लावत. तो फर झाडाचा डिंक, अपवर्तनांक (प्रकाश वाकवण्याचे माप) १.५३ च्या आसपास, म्हणजे लेन्सच्या क्राउन काचेच्या जवळपास, त्यामुळे जोड नजरेला येत नाही. पण तो उष्णतेने मऊ पडतो आणि झायलिनमध्ये विरघळतो. आम्ही तर कव्हरस्लिप चिकटवायला तो झायलिननेच पातळ करायचो. म्हणूनच अतिनील प्रकाशात घट्ट होणारे कृत्रिम गोंद आले. तुमचा गोंद तसा असेल, तर पाच महिन्यांत सुटला कसा? उन्हाळ्याचे कारण देऊ नका. पारा ४५ च्या वर जाणाऱ्या चंद्रपूर जिल्ह्यात तुम्ही हे यंत्र विकले आहे, महाबळेश्वरात नाही.

पंधरा दिवसांत नवीन ऑब्जेक्टिव्ह द्या आणि गोंदाबद्दल लेखी कळवा. नाहीतर चंद्रपूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. २०१९ च्या कायद्याने मला राहत्या जिल्ह्यात तक्रार करता येते. जुनी लेन्स हवी असेल तर माणूस पाठवा. कुरिअरने आता काही पाठवणार नाही.

सोबत : बिल, वॉरंटी कार्ड, पुस्तिकेच्या त्या पानाची झेरॉक्स, लेन्सचे दोन फोटो.

आपला ग्राहक,
लॅब टेक्निशियन, ता. सिंदेवाही, जि. चंद्रपूर