वादळाच्या रात्रीची खरी नोंद : एका उद्घोषिकेस आभारपत्र

आदरणीय ताई,

सादर नमस्कार.

आमच्या किनाऱ्यावरच्या आकाशवाणी केंद्राचा इतिहास आता लिहून होत आला आहे. तो छापायला जाण्याआधी हे पत्र सर्वांसमक्ष लिहावे असे वाटले, कारण ऋणनिर्देशाच्या एका ओळीत मावेल एवढी आपली मदत लहान नाही. नैमित्तिक उद्घोषिका म्हणून केलेल्या प्रत्येक ड्यूटीची नोंद असलेल्या ११ वह्या आपण माझ्या हवाली केल्यात, त्याही पावती न मागता. पण माझे सर्वांत मोठे आभार आहेत ते आपण माझ्या मसुद्यातून जे काढायला लावलेत त्याबद्दल.

केंद्राविषयी कुणालाही विचारले की वादळाच्या रात्रीची गोष्ट हमखास निघते. त्या नोव्हेंबरात समुद्र खवळला, तेव्हा उद्घोषिका पहाटेपर्यंत माइकसमोर बसून होड्यांना परत बोलावत राहिली आणि तो आवाज ऐकून कितीतरी होड्या खाडीत शिरल्या, असे मला निरनिराळ्या गावांतल्या सात जणांनी सांगितले. सात तोंडे एकच सांगतात म्हणजे ते खरेच असणार, असे धरून मी पहिल्या प्रकरणाची सुरुवात त्याच प्रसंगाने केली होती. ती उद्घोषिका आपणच होता. आपण ते पान वाचलेत, चष्मा काढून ठेवलात आणि आतल्या खोलीतून ती वही आणलीत. निळ्या शाईत चार ओळी होत्या: संध्याकाळच्या सभेत, म्हणजे प्रसारणाच्या सत्रात, हवामान खात्याचा मच्छीमारांसाठीचा इशारा वाचला, रात्री ११ वाजून ५ मिनिटांनी सभा संपली, वीज गेलेली, जीपने घरी, सकाळच्या सभेत इशारा तीन वेळा वाचला. त्या रात्री आपण घरी झोपला होता, हे आपण अगदी शांतपणे सांगितलेत आणि तीन वेळा वाचल्याची ओळ मात्र राहू द्या, असे म्हणालात.

गावोगाव आपल्या नावाने सांगितली जाणारी, ऐकणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी आणणारी गोष्ट स्वतःच्या हाताने खोडणे सोपे नसते. मला त्या दिवशी थोडे वाईटही वाटले, हे कबूल करतो. नंतर त्या चार ओळींनी मला जे दाखवले ते दंतकथेत कधीच सापडले नसते. रात्री ११ नंतर केंद्र बंद असे, म्हणजे संध्याकाळचा इशारा ऐकून ज्या होड्या किनाऱ्याला लागल्या त्या लागल्या. आधीच दूर गेलेल्यांना पहाटेपर्यंत रेडिओवरून काहीही कळण्याची सोय नव्हती. बंदरावर बावटा लागला तरी तो ज्याच्या नजरेच्या टप्प्यात असेल त्यालाच दिसणार. त्या काळी किनाऱ्यावर इशारा कसा पोहोचत असे आणि कुठे तुटत असे, हे आता त्या प्रकरणात आले आहे. सात जणांच्या आठवणीही तिथे आहेत, पण आठवणी म्हणून, आणि त्यांच्या शेजारी आपल्या वहीतली नोंद.

दुसरे ऋण नमन-खेळे आणि जाखडी या कोकणातल्या लोककलांच्या ध्वनिमुद्रणांचे आहे. मला मिळालेल्या करारांच्या कागदांवर शाहिराचे किंवा मंडळाच्या प्रमुखाचे नाव असे आणि पुढे ‘व सहकारी’ एवढेच. टेप महाग असल्यामुळे एकाच स्पूलवर पुन्हा पुन्हा मुद्रण करणे जगभरच्या नभोवाणी केंद्रांत सर्रास चाले, त्यामुळे आवाजाचा पुरावाही फारसा उरलेला नाही; एका खोक्यावर तर पेन्सिलीने लिहिलेली तीन शीर्षके एकावर एक खोडलेली मी पाहिली. आपल्या वह्यांत मात्र मृदंगावर कोण, झांजेवर कोण, कोरसमध्ये कोण, हे गावासह लिहिलेले आहे. निवेदनात नावे चुकू नयेत म्हणून आपण ती मुद्रणाआधी विचारून घेत होता, आणि एका पानाच्या कडेला उच्चारासाठी ‘ळ, ल नव्हे’ असेही लिहून ठेवलेले आहे. त्या माणसांपैकी बहुतेकांचे नाव छापील कागदावर पहिल्यांदाच येत आहे. केंद्राचा इतिहास म्हणजे अधिकाऱ्यांच्या नेमणुका आणि बदल्या, असे समजून मी सुरुवात केली होती, आणि ती समजूत आपल्या वह्यांमुळे मोडली.

श्रोत्यांच्या पोस्टकार्डांचा गठ्ठा लावतानाही आपण मला एका चुकीपासून वाचवलेत. कित्येक कार्डांवर तारीख नव्हती. १ मे १९८१ रोजी सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला, तेव्हा ‘मालवण, जि. रत्नागिरी’ असा पत्ता असलेली सगळी कार्डे त्याआधीची, असा सरळ हिशेब मी केला होता. लोक जुना पत्ता पुढे कित्येक वर्षे लिहीत राहतात, हे आपण दाखवून दिलेत, ‘जि. सिंधुदुर्ग’ लिहिलेले कार्ड नंतरचे हे नक्की, पण उलट खात्री देता येत नाही. मग आपण दोघांनी खिडकीशी बसून भिंगाखाली टपालाचे शिक्के वाचले. ज्यांचा शिक्का वाचता आला नाही ती कार्डे मी तारखेशिवायच ठेवली आहेत.

मुंबई केंद्राचे कार्यक्रम आमच्या केंद्राच्या नावावर सांगणारे श्रोते बरेच भेटले. यात त्यांचा दोष नाही. मुंबईहून १९२७ च्या जुलैपासून नियमित प्रसारण होत आले आहे, मध्यम लहरी खाऱ्या पाण्यावरून दूरवर जातात, आणि सूर्य मावळला की वातावरणाच्या वरच्या थरावरून परावर्तित होऊन त्या आणखी लांब पोहोचतात. किनाऱ्यावरच्या घरात एकाच ट्रान्झिस्टरवर दोन्ही केंद्रे लागत असतील तर चाळीस वर्षांनी त्यांची सरमिसळ होणारच. अशा प्रत्येक आठवणीपुढे आपण पेन्सिलीने ‘आपले’ किंवा ‘मुंबई’ लिहून दिलेत, आणि जिथे आपल्यालाही आठवेना तिथे जागा कोरी ठेवलीत. त्या कोऱ्या जागा मी भरलेल्या नाहीत.

आपले नाव उद्घोषकांच्या यादीत वर्णानुक्रमाने जिथे येईल तिथेच असावे, वेगळे प्रकरण नको, ही आपली सूचना मी पाळली आहे, मनाविरुद्ध का होईना. म्हणूनच हे पत्र पुस्तकाच्या बाहेर लिहितो आहे.

वह्यांच्या सगळ्या पानांची छायाचित्रे काढून झाली आहेत. पावसात त्या एस.टी.ने आणण्याचा धोका पत्करत नाही. नारळी पौर्णिमेनंतर उघडीप पडली की स्वतः घेऊन येईन. तोवर त्या कोरड्या कपाटात सुती कापडात बांधून ठेवल्या आहेत. १९८३ च्या वहीतले एक पान शिवणीपासून सुटे झाले होते. ते त्याच जागी ठेवले आहे, डिंक किंवा चिकटपट्टी लावलेली नाही.

आपला कृतज्ञ,
केंद्राचा एक जुना श्रोता