नातीच्या जन्मदाखल्यावर बाप म्हणून आजोबाचे नाव

महोदय,

जन्माचा दाखला आता मोबाइलवर मिळणार, ही कालच्या अंकातली बातमी वाचली. दाखला लवकर मिळायला कोणाचा विरोध असणार? पण त्यावर चुकीचे लिहिलेले असेल तर तो मोबाइलवर आला काय आणि हातात आला काय, सारखेच. ती चूक दुरुस्त कोण करणार, कशी करणार, याबद्दल बातमीत एक ओळही नाही. म्हणून हे पत्र.

माझ्या नातीच्या जन्मदाखल्यावर वडिलांच्या रकान्यात माझे नाव आहे. मी तिच्या आईचा बाप आहे.

लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. इथल्या एका खासगी दवाखान्यात नाव घातले, दाखल करताना तिचे आधार कार्ड घेतले. ते लग्नाआधीचे, म्हणजे तिच्या नावापुढे माझे नाव आणि आमचे आडनाव. जन्माची माहिती भरणाऱ्याने मधले नाव उचलले आणि सरळ बाळाच्या वडिलांच्या जागी टाकले. आडनावही आमचेच. त्याच दवाखान्याच्या फाईलीत सिझेरियनच्या संमतीपत्रावर पती म्हणून जावयाची सही आहे. फाईल उघडून बघण्याचे कष्ट कोणी घेतले नाहीत. माहितीच्या नमुन्यावर जावयाच्या आईची सही घेतली तेव्हा त्यातले रकाने कोरे होते. बाळ काचेच्या पेटीत आणि लेक सलाईनवर अशा अवस्थेत त्यांच्यापुढे ‘इथे सही करा’ म्हणून कागद धरला जातो, आणि त्यावर मागून काय लिहिले हे घरच्यांना थेट दाखल्यावरच कळते.

दाखला हातात पडला तेव्हा लेक रडली. ज्या गावात लहानथोर सगळे मला गुरुजी म्हणतात, तिथे त्या कागदाचा अर्थ काय निघतो, हे मी इथे लिहू शकत नाही. तिच्या सासरची माणसे समजूतदार म्हणून निभावले. सगळ्याच लेकींच्या नशिबी तसे सासर नसते.

मग सुरू झाली पायपीट. नगरपालिकेतले म्हणाले, दवाखान्याने जे पाठवले तेच आम्ही चढवले, त्यांचे पत्र आणा. दवाखान्यातले म्हणाले, फॉर्म आमच्याकडून गेला, आता आमच्या हातात काही नाही. विनवण्या करून पत्र मिळवले तर त्यावर जावक क्रमांक नाही म्हणून ते परत आले. मग लग्नाचे प्रमाणपत्र, दोघांची आधार कार्डे, प्रतिज्ञापत्र. तेही पाचशेच्या स्टॅम्पवरच हवे. शासकीय कार्यालयात द्यायच्या प्रतिज्ञापत्राला मुद्रांक शुल्क माफ आहे, हे सरकारनेच जाहीर केले आहे. तरी खिडकीवरचा माणूस साध्या कागदाला हात लावायला तयार नाही. ज्याला पाचशे रुपये म्हणजे दिवसाची मजुरी, त्याच्याकडूनही ते असेच घेतले जातात. याचीही बातमी व्हावी.

जन्म जिथे झाला तिथेच नोंद होते, आणि दुरुस्तीही तिथेच. जावई पुण्याला नोकरी करतात. दर वेळी रजा टाकून त्यांना इकडे यावे लागते, आणि आल्यावर कधी साहेब मीटिंगला असतात, कधी सर्व्हर बंद असतो. पहिले बाळंतपण माहेरी करायची आपली रीत. मग नोंद एका जिल्ह्यात आणि आईबाप दुसऱ्या जिल्ह्यात, अशी किती घरे महाराष्ट्रात असतील? त्यांच्यासाठी कोणी काही सोय केली आहे का?

आणि हे सगळे कायद्यात नाही म्हणून होत आहे, असेही नाही. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याचे कलम १५ चुकीच्या नोंदीच्या दुरुस्तीसाठीच आहे. मूळ नोंद न खोडता समासात दुरुस्ती करून निबंधकाने, म्हणजे जन्म-मृत्यूची नोंद ठेवणाऱ्या अधिकाऱ्याने, तारखेसह सही करायची. मोठी चूक असली तर प्रकरणाची माहिती असलेल्या दोन विश्वासार्ह माणसांचे निवेदन घेता येते. २०२३ च्या दुरुस्तीनंतर तर निबंधकाच्या निर्णयाविरुद्ध तीस दिवसांत जिल्हा निबंधकाकडे अपील करता येते. हे मला खिडकीवर कोणी सांगितले नाही. एका जुन्या विद्यार्थ्याने, जो आता वकिली करतो, त्याने सांगितले. ज्यांचा असा विद्यार्थी नाही त्यांनी काय करायचे?

पूर्वी एवढे अडत नव्हते. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होतो. पहिलीत मूल घालायला आलेला बाप तारीख सांगू शकत नसे. पोळ्याच्या पुढच्या आठवड्यात झाला, सुगीत झाला, एवढेच सांगे. मग दाखल-खारीज रजिस्टरात १ जून पडे. आज साठी ओलांडलेल्या कितीतरी माणसांचा सरकारी वाढदिवस १ जून आहे, त्यामागे हे कारण आहे. पण त्या रजिस्टराच्या उताऱ्यावर त्यांच्या नोकऱ्या झाल्या, पेन्शनी झाल्या. आता तसे नाही. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांसाठी शाळाप्रवेश, वाहन परवाना, मतदार यादी, पासपोर्ट, सरकारी नोकरी, सगळ्याला जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखला हा एकच कागद. माझी नात त्यानंतरची आहे. आयुष्यभर जो एकच कागद चालणार, तो दवाखान्यातल्या कोणीतरी घाईत भरायचा आणि आईला तो आधी दाखवायचाही नाही, हे मला मान्य नाही.

माझी नात तरी दवाखान्यात जन्मली. आमच्या बीड जिल्ह्यातून दिवाळीच्या आगेमागे बैलगाड्या आणि ट्रक भरून माणसे ऊसतोडीला जातात, सांगली-कोल्हापूरला, कर्नाटकात. तिथे कोपीवर, म्हणजे ऊसतोड मजुरांच्या झोपडीत, बाळंत झालेल्या बाईच्या मुलाची नोंद कोण करणार? कारखान्याच्या गावचा ग्रामसेवक त्यांना ओळखत नाही, आणि आपल्या गावचा म्हणतो, जन्म इथे झालाच नाही. नोंदीसाठीचे एकवीस दिवस जातात, वर्ष जाते. वर्ष उलटले की कार्यकारी दंडाधिकाऱ्याचा आदेश लागतो. बनावट दाखल्यांच्या तक्रारींनंतर जानेवारी २०२५ मध्ये सरकारने असे उशिराचे दाखले थांबवले, आणि मार्चमध्ये पोलिसांच्या अहवालासह नवी कार्यपद्धती आणली. बनावटगिरी करणाऱ्यांना जरूर पकडा. पण कोपीवर जन्मलेल्या पोरीच्या आईने पोलिसांना कोणता पुरावा द्यायचा? त्या पोरीच्या नावचे सरकारच्या ‘लेक लाडकी’ योजनेचे पहिले पाच हजारही दाखल्यावाचून अडतात. वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येणार नाही, असे शिक्षण हक्क कायद्याचे कलम १४ सांगते. मुख्याध्यापकांनी आता कोणता कायदा पाळायचा, हे शिक्षण खात्याने एकदा लेखी कळवावे.

माझी मागणी साधी आहे. दवाखान्याने भरलेली माहिती डिस्चार्जच्या आधी छापून आईच्या हातात द्यावी, तिने वाचून सही केल्याशिवाय ती पुढे पाठवू नये. चूक दवाखान्याची असेल तर नगरपालिकेने दवाखान्याची फाईल मागवावी, घरच्यांना हेलपाटे घालायला लावू नयेत. आणि साखर कारखान्यांनी गाळप हंगामात कोप्यांवरच्या प्रत्येक जन्माची माहिती तिथल्या ग्रामपंचायतीला एकवीस दिवसांच्या आत द्यावी, असा आदेश जिल्हाधिकाऱ्यांनी काढावा.

आपल्या वार्ताहराने पुढची बातमी करण्याआधी कोणत्याही नगरपालिकेच्या जन्म-मृत्यू विभागाच्या खिडकीपाशी एक सकाळ उभे राहावे. माझ्या नातीच्या दुरुस्तीचा अर्ज आजही तिथेच पडून आहे.

– एक निवृत्त शिक्षक, जि. बीड