नकार द्या, पण लेखी द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी एका खासगी कंपनीच्या अकाउंट्स विभागात सात वर्षं नोकरी करते. बाळंतपणाची रजा संपवून कामावर रुजू झाले, त्याला आता तीन महिने होतील. रुजू व्हायच्या पंधरा दिवस आधी मी एक मेल केला होता. पुढचे सहा महिने आठवड्यातले दोन दिवस घरून काम करू द्यावं, उरलेल्या तीन दिवशी साडेसहाऐवजी पाचला निघू द्यावं, राहिलेलं काम रात्री बाळ झोपल्यावर पुरं करीन. महिनाअखेरीला हिशेब बंद करायचे असतात, ते चार-पाच दिवस पूर्ण वेळ ऑफिसातच येईन, हेही लिहिलं होतं. पगाराचं काही कमी-जास्त करायचं म्हणाले असते, तरी बोलायची तयारी होती.

मेलला उत्तर आलं नाही. रुजू झाल्याच्या दुसऱ्या दिवशी एचआरच्या मॅडमनी केबिनमध्ये बोलावलं, मोबाइलवर बाळाचा फोटो बघितला, "गोड आहे गं" म्हणाल्या आणि त्याच सुरात पुढे म्हणाल्या, "ते तुझ्या मेलचं जमणार नाही हं. आपल्याकडे तशी पॉलिसी नाही. एकीला दिलं की सगळ्या मागतील." मी म्हटलं, "हे मला मेलवर कळवाल का?" त्या हसल्या. "अगं, त्यात कळवायचं काय? आपण काय परके आहोत का?"

माझं भांडण आहे ते या हसण्याशी. नकार मी समजू शकते, कामाच्या अडचणी असतात. पण तो नकार कुठे नोंदलेलाच नाही. उद्या कुणी विचारलं तर मी काही मागितलं नव्हतं आणि त्यांनी काही नाकारलं नव्हतं, इतकंच कागदावर दिसेल.

कायदा काय म्हणतो ते रजेत असताना मी वाचून काढलं होतं. १९६१च्या मातृत्व लाभ कायद्यात २०१७ साली दुरुस्ती झाली आणि पहिल्या दोन मुलांसाठीची भरपगारी रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवडे झाली, हे सगळ्यांना ठाऊक असतं. त्याच दुरुस्तीतलं एक पोटकलम मात्र फार कुणाच्या लक्षात नसतं. कामाचं स्वरूप घरून करण्याजोगं असेल, तर रजा संपल्यावर मालक त्या स्त्रीला घरून काम करण्याची परवानगी देऊ शकेल. किती काळ आणि कोणत्या अटींवर, ते दोघांनी आपसात ठरवायचं. या कायद्याची जागा घेऊन २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ही तरतूद जवळजवळ तशीच आली आहे.

यातले 'शकेल' आणि 'आपसात' हे दोन शब्द पाहा. देऊ शकेल, म्हणजे नाही दिली तरी चालेल. आणि आपसात ठरवायचं कुणी? एका बाजूला कंपनी, दुसऱ्या बाजूला रात्री तीनदा उठलेली बाई, जिला नोकरीची गरज आहे. अर्ज आला तर अमुक दिवसांत उत्तर द्या, नाकारलात तर कारण सांगा, यातलं काहीही त्या पोटकलमात नाही. गंमत म्हणजे त्याच २०१७च्या दुरुस्तीने असंही सांगितलं होतं, की या कायद्याखालचे सगळे लाभ प्रत्येक स्त्रीला नेमणुकीच्या वेळीच लेखी कळवावेत. माझ्या नेमणुकीच्या फाइलमध्ये तसा कागद नाही. ऑफिसच्या आवारात फोटो काढू नयेत असं बजावणारा कागद मात्र आहे, सहीसकट.

आता थोडं प्रत्यक्षातलं. माझी रजा प्रसूतीच्या चार आठवडे आधी सुरू झाली, डॉक्टरांनीच प्रवास बंद करायला सांगितला होता. म्हणजे बाळाच्या वाट्याला २२ आठवडे आले. जागतिक आरोग्य संघटना सांगते की पहिले सहा महिने बाळाला फक्त आईचं दूध द्यावं. मी कामावर आले तेव्हा बाळ पाच महिन्यांचं होतं. बाळ पंधरा महिन्यांचं होईपर्यंत आईला दिवसातून दोनदा दूध पाजण्यासाठी सुट्टी द्यावी, असंही कायद्यात आहे. पण बाळ घरी, मी लोकलने दीड तासावर. तेव्हा त्या दोन सुट्ट्या मी जुन्या फाइलींच्या खोलीत घालवते. दाराची कडी तुटलेली आहे, म्हणून दाराला खुर्ची लावायची, तिच्यावर २०१९च्या व्हाउचरचा खोका ठेवायचा आणि दूध काढायच्या पंपाची घरघर बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून पंखा पाचवर. बाटली पॅन्ट्रीतल्या फ्रिजमध्ये. पहिल्याच आठवड्यात तिच्यावर चिठ्ठी चिकटवावी लागली: 'हे दूध चहासाठी नाही.' कुणी हसलं नाही, उलट पॅन्ट्रीतल्या दादांनी तिला वेगळा कप्पा करून दिला. एवढी सोय मला या कंपनीत न मागता मिळाली.

पाळणाघराचं विचाराल, तर ५० किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे ते हवं. आमच्याकडे त्याहून जास्त आहेत, आणि एका पाळणाघराशी करारही आहे. पण तिथे एक वर्षाखालचं मूल घेत नाहीत. घेतलं असतं, तरी पाच महिन्यांचं बाळ सकाळच्या गर्दीत लेडीज डब्यातून नेऊन दाखवावं कुणीतरी. त्या डब्यात मोठी बाईसुद्धा एका पायावर उभी असते. म्हणून तर घरून काम मागितलं होतं.

'एकीला दिलं की सगळ्या मागतील' या वाक्याचं मला सगळ्यात नवल वाटतं. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली, तेव्हा हेच हिशेब, हीच बिलं, हेच जीएसटीचे रिटर्न मी स्वयंपाकघराच्या ओट्यावर लॅपटॉप ठेवून भरले. तेव्हा कुणी मागितलं नव्हतं, कंपनीनेच दिलं होतं. वर्षअखेरीला शाबासकीचा मेलही आला. तो अजून जपून ठेवला आहे.

कंपनीची बाजू मला दिसत नाही असं नाही. बाळंतपणाच्या रजेतले पैसे विम्यातून देणाऱ्या कर्मचारी राज्य विमा योजनेत पगाराची मर्यादा महिना २१,००० रुपये आहे. त्यावर पगार असलेल्या बाईच्या २६ आठवड्यांचा पूर्ण पगार एकट्या मालकाच्या खिशातून जातो. सरकार किंवा विमा त्यातला रुपयाही उचलत नाही. त्यामुळे 'सहा महिने घरी बसून पगार घेतलास, आता आणखी काय' हे कुणी तोंडावर बोलत नसलं, तरी चेहऱ्यावर वाचता येतं. हा भार वाटून घ्यायला हवा, यात वाद नाही. पण तो राग माझ्या पाच वाजताच्या लोकलवर निघावा हे काही बरोबर नाही. दुसरीकडे केंद्र सरकारच्या महिला कर्मचाऱ्यांना मुलांच्या संगोपनासाठी सबंध नोकरीत मिळून ७३० दिवसांची रजा मिळू शकते. त्यांचा हेवा करत नाही. (थोडा करते.)

ब्रिटनमध्ये एप्रिल २०२४ पासून नोकरीच्या पहिल्या दिवसापासूनच कामाच्या वेळा किंवा जागा बदलून मागण्याचा अर्ज करता येतो. तिथेही मागितलं म्हणजे मिळतंच असं नाही. पण मालकाला नकार देण्याआधी कर्मचाऱ्याशी चर्चा करावी लागते, दोन महिन्यांत निर्णय द्यावा लागतो आणि कायद्यात दिलेल्या आठ कारणांपैकी एखादं कारण असेल तरच नाही म्हणता येतं. 'सगळ्या मागतील' हे त्या आठांत नाही.

आपल्याकडे एवढंच झालं तरी पुष्कळ आहे. संहितेतला 'शकेल' हा शब्द लगेच बदलेल, अशी माझी अपेक्षा नाही. त्याच्या पुढे एक वाक्य जोडावं: अर्जाला तीस दिवसांत लेखी उत्तर द्यावं, आणि नाकारायचा असेल तर कारण लिहावं. याला खर्च येत नाही. कारण लिहायला बसलं, की ते कारण आहे की नुसती सवय आहे, हे लिहिणाऱ्यालाच आधी कळतं. आमच्या मॅडम वाईट नाहीत, त्यांनाही दोन मुलं आहेत. 'कामाचं स्वरूप घरून करण्याजोगं नाही' असं सहीनिशी लिहायची वेळ आली असती, तर त्यांनी निदान माझ्या साहेबांना एकदा विचारलं असतं. साहेबांना हा अर्ज अजून माहीतच नाही, हे मला मागच्या आठवड्यात कळलं.

म्हणून सोमवारी मी दुसरा मेल केला, या वेळी साहेबांना प्रत ठेवून. दोनच ओळी: माझ्या आधीच्या अर्जावरचा निर्णय आणि नकार असल्यास त्याचं कारण कृपया लेखी कळवावं. उत्तर अजून आलेलं नाही. मेल उघडून वाचल्याची पोच मात्र त्याच दुपारी दोघांकडूनही आली.

आपली,
एक वाचक
(कृपया नाव प्रसिद्ध करू नये.)