मियाटा घेण्याआधी

ता. दारव्हा, जि. यवतमाळ

चि. सोनू,
अनेक आशीर्वाद.

तू घ्यायला बघतेस त्या दोन्ही मियाटांचे, माझदाच्या त्या दोन सीटांच्या, कापडी छताच्या छोट्या गाड्यांचे, फोटो मोबाइलवर मोठे करकरून पाहिले. लाल मियाटा १९९१ ची, हिरवी १९९९ ची. वेचणी सुरू आहे, वर्कशॉपपुढं कास्तकारांच्या ट्रॉल्या लागल्यात, म्हणून उत्तराला उशीर झाला.

तू विचारतेस, जुनी घेऊ की नवी? बेटा, दोन्ही गाड्या आता जुन्याच. मधल्या मालकांनी त्या कशा ठेवल्या, यावर सारं आहे. त्यात तुमच्या मिशिगनमध्ये हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात. मला त्या मिठाचीच जास्त काळजी वाटते.

लाल तुझ्या मनात का बसली ते कळतं. बॉनेटमधून हेडलाइट वर येतात, ते माझदानं दुसऱ्या पिढीत बंद केलं. लालचं इंजिन १६०० सीसी, ११६ हॉर्सपॉवर. हिरवीचं १८०० सीसी, १४०. लालचं वजन हजार किलोच्या आत आहे, तिला ११६ भरपूर झाले. ताकदीवरून ठरवू नको.

क्रँक म्हणजे पिस्टन फिरवतात तो इंजिनचा मुख्य दांडा. इंजिनच्या पुढं त्याची पुली असते, ती नीट पाहा. सुरुवातीच्या मियाटांत क्रँकचं टोक आखूड होतं. पुलीचा बोल्ट जरा ढिला राहिला की पुलीला क्रँकवर अडकवणारी लोखंडी चावी आपली खाच खात जाते, पुली डुगडुगते आणि शेवटी क्रँकच बदलावा लागतो. १९९१ च्या मधेच कंपनीनं ते टोक लांब केलं, म्हणजे तुझी लाल दोन्हींपैकी कोणतीही असू शकते. पुलीच्या तोंडावरच्या खाचा मोज. चार असल्या तर आखूड टोक, आठ असल्या तर लांब. चार निघाल्या तर इंजिन चालू ठेवून पुली लचकते का, ते पाहा. क्रँक आणि वॉल्व्ह एका तालात ठेवणारा टायमिंग बेल्ट साठ हजार मैलांना बदलायचा असतो, त्याचं बिल माग. या १६०० च्या इंजिनात बेल्ट तुटला तरी वॉल्व्ह पिस्टनवर आदळत नाहीत, एवढं बरं.

हिरवीचीही पुलीच पाहा, पण वेगळ्या कारणानं. १९९९-२००० च्या काही गाड्यांत क्रँकला पुढं-मागं सरकू न देणारं थ्रस्ट बेअरिंग जातं. इंजिन बंद ठेवून कोणाला तरी क्लच दाबायला-सोडायला लाव. पुली पुढं-मागं सरकताना डोळ्यांना दिसली तर ती गाडी तिथंच सोड.

आता जंग. कापडी छत जिथं मागं मिटतं, त्या कोपऱ्यांत पाणी वाहून जायची भोकं असतात. ती पानं-मातीनं बुजली की पाणी दाराखालच्या पोकळ पट्टीत साचतं आणि पत्रा आतून सडतो. खताची पोती वाहणारी आपली ट्रॉली कशी वरून रंगवलेली आणि खालून चाळणी झालेली असते, तसंच. त्या कोपऱ्यात पेलाभर पाणी ओत, खाली गळालं तर वाट मोकळी. मागच्या चाकाच्या अगदी पुढं, दाराखाली, रंगाला फोड आलेत का ते बोटानं दाबून पाहा. लोहचुंबक घेऊन जा. जिथं चिकटणार नाही तिथं सडका पत्रा झाकायला लांबी, म्हणजे पुट्टी, भरलेली आहे. फोटोत लालच्या डाव्या बाजूला मला तशीच जागा दिसते आहे.

माझं मत विचारशील तर हिरवी. लालमध्ये फक्त ड्रायव्हरपुढं एअरबॅग आहे, हिरवीत दोघांपुढं. डोक्यावर टप नाही अशी गाडी, शेजारी तुझी मैत्रीण बसणार. शिवाय हिरवीची मागची काच खरी आहे, तिच्यावरचं दव काचेतल्या गरम तारांनी उडून जातं. लालची प्लास्टिकची, ती पिवळी पडते आणि थंडीत तडकते. पण हिरवी खालून सडलेली निघाली तर दोन्ही सोड, तिसरी शोध. घाई कसली?

विकणारा गाडी लिफ्टवर चढवू देत नसेल तर इसार देऊ नको. दोन्ही पुल्यांचे फोटो पाठव, मग फोनवर बोलू. आईनं आशीर्वाद सांगितलाय, तुझ्यासाठी तुरीची डाळ बाजूला काढून ठेवली आहे.

तुझे बाबा